आधी खिडकी, मग ट्यूबलाइट

चाकण, म्हाळुंगे, भोसरी परिसरात कामगारांना भाड्याने दिलेल्या कितीतरी खोल्या अशा आहेत, की उजेड येतो तो फक्त दारातून. दहा बाय दहाच्या जागेत चार-पाच जण राहतात. पाळीवरून आलेला झोपलेला असेल तर दारही बंद!

अंधार ही केवळ गैरसोय नव्हे. रॉबर्ट कॉक यांनी 1882 मध्ये क्षयाचे जंतू शोधले. हे जंतू उन्हात लवकर मरतात; अंधाऱ्या, कोंदट खोलीत मात्र तग धरतात. ट्यूबलाइटने खोली उजळते, पण जंतू मरत नाहीत आणि हवाही खेळत नाही.

भाडेकरूंनी भिंतींना पांढरा चुना लावावा, खिडकी अडवणारे सामान हलवावे, अंथरूण-पांघरूण उन्हात घालावे. पण जिथे खिडकीच नाही, तिथे चुना काय करणार? घरमालकांनी समोरासमोर दोन झरोके काढावेत, छतात एक पारदर्शक पत्रा बसवावा. माझे स्पष्ट मत आहे, की बिनखिडकीची खोली भाड्याने देऊच नये.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत.