कुटुंबाचें आरोग्य : मूळव्याध आणि घरांतील मौन

घरांत कोणास ताप आला तर साऱ्या कुटुंबाची धांवपळ होते. कोणी काढा उकळतें, कोणी कपाळावर पट्टी ठेवितें, शेजारच्या काकू दोन वेळां विचारून जातात. मूळव्याधीच्या वांट्यास ही सहानुभूति सहसा येत नाहीं. दुखणें अशा जागचें कीं, सासऱ्यांपुढें त्याचा उच्चार करणें सुनेस अशक्य आणि मुलांपुढें करणें सासूबाईंस अवघड! वर्षानुवर्षें रक्त जात राहतें, चेहरा पांढरा पडतो, जिना चढतांना धाप लागते. आणि घरची मंडळी ‘हल्लीं हिची प्रकृति उतरली’ एवढेंच म्हणून स्वस्थ बसतात. म्हणून ह्या महिन्यांत आम्हीं ह्याच विषयावर स्पष्टपणें लिहिण्याचें योजिलें आहे. भगिनींनीं संकोच न धरतां हें वाचावें, आणि पुरुष मंडळींनींही ‘हा बायकांचा विषय’ म्हणून पान उलटूं नये.

प्रथम व्याधीचें स्वरूप पाहूं. गुदद्वाराच्या आंतल्या बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाच्याच शरीरांत असतात. तो मार्ग नीट मिटून राहावा म्हणून निसर्गानेंच त्यांची योजना केली आहे. बद्धकोष्ठामुळें, कुंथण्याच्या संवयीनें, किंवा गर्भारपणीं पडणाऱ्या दाबानें त्यांना आधार देणारे तंतु शिथिल होतात. गाद्या फुगतात व खालीं सरकतात. हीच मूळव्याध. तिच्या चार पायऱ्या मानितात. पहिलींत केवळ रक्त जातें. दुसरींत मोड बाहेर येतो, पण आपोआप आंत जातो. तिसरींत तो बोटानें सारावा लागतो. चौथींत तो बाहेरच राहतो. रोगी कोणत्या पायरीवर आहे हें कळल्यावांचून उपचार सांगतां येत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

भोर आणि वेल्हें हा सारा भाताचा मुलूख. वेल्हें तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे. तेथील शेताची तऱ्हा मात्र तीच आहे. इकडील आंबेमोहराचें कौतुक आम्हांसही आहे. परंतु दोन्ही वेळां पांढराशुभ्र सडीक तांदूळ, आठवड्यास साबुदाण्याचे उपवास आणि पाण्याच्या जागीं चहा, असा क्रम चालला तर कोठा जड न झाला तरच नवल. ह्याच डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी पिकते. भोरकडील खोऱ्यास तर हिरडस मावळ हें जुनें नांव आहे, आणि हिरडा हा कोठा साफ ठेवणारा सौम्य पदार्थ म्हणून आपल्या आज्यांच्या बटव्यांत असेच. एकत्र कुटुंबांत आणखी एक कारण संभवतें. सकाळीं शौचकूप एक आणि माणसें दहा! पुरुषांची कचेरी व मुलांची शाळा आटोपेपर्यंत सून वेग आवरून धरते, आणि मग ती वेळच निघून जाते. भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, भरपूर पाणी, वेग आल्याबरोबर जाणें आणि तेथें वर्तमानपत्र किंवा मोबाईल घेऊन न बसणें, एवढ्यावर पहिल्या पायरीची मूळव्याध पुष्कळ वेळां शमते.

तेवढ्यानें भागलें नाहीं तर पुढें काय? सुश्रुतसंहितेंत अर्शावर औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आजच्या शस्त्रवैद्याचीं साधनें पाहिलीं तर बहुतेक ह्याच चार वर्गांत बसतात. क्षाराचीं पुटें दिलेलें सूत्र बांधण्याची जुनी रीति काशी हिंदु विश्वविद्यालयांत १९६० नंतरच्या दशकांत प्रा. पी. जे. देशपांडे यांनीं पुनः प्रचारांत आणिली. तिचा विशेष उपयोग भगंदरावर होतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पाहणी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सूत्रानें भगंदर बरें होण्यास शस्त्रक्रियेपेक्षां वेळ अधिक लागला, पण तें उलटण्याचें प्रमाण कमी आढळलें.

मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेविषयीं जी धास्ती घरोघरीं आहे, ती बहुधा जुन्या रीतीची आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील मिलिगन व मॉर्गन यांनीं १९३७ सालीं वर्णिलेल्या ह्या रीतींत मोड कापून काढितात व जखम उघडी ठेवितात. गुण खात्रीचा, पण कित्येक आठवडे शौचास जाणें म्हणजे शिक्षा. १९६३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील बॅरन यांनीं मोडाच्या मुळाशीं रबराचा लहानसा पट्टा चढविण्याची सुटसुटीत युक्ति प्रसिद्ध केली. पट्ट्यानें रक्तपुरवठा तुटतो आणि सुकलेला मोड कांहीं दिवसांत गळून पडतो. आंतल्या भागांत एका रेषेच्या वर सुईसारखी वेदना जाणणाऱ्या नसा नसल्यामुळें तेथें पट्टा चढवितांना भूल द्यावी लागत नाहीं. थोडी ठणक जाणवते, आणि रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. पुढें जपानांत मोरिनागा यांनीं १९९५ सालीं ध्वनियंत्रानें धमनी शोधून ती बांधण्याची, व इटलींत लाँगो यांनीं १९९८ सालीं गोल स्टेपलर यंत्राची रीति मांडिली. आतां लेसरचाही बोलबाला आहे.

ह्यांत नवें तेंच उत्तम असें मात्र समजूं नये. २०१६ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यक नियतकालिकांत दोन ब्रिटिश पाहण्या प्रसिद्ध झाल्या. एकींत स्टेपलरच्या रोग्यांस प्रारंभीं वेदना कमी झाली, परंतु दोन वर्षांच्या हिशेबांत जुनी शस्त्रक्रियाच सरस ठरली, कारण स्टेपलरनंतर व्याधि अधिक वेळां उलटली. दुसरींत धमनी बांधण्याच्या रीतीनें एका पट्ट्यापेक्षां अधिक गुण आला. पण गरजेप्रमाणें पट्टा पुन्हा चढविला तर दोन्ही रीति जवळजवळ सारख्याच उतरल्या, आणि पट्ट्याचा खर्च पुष्कळच कमी. तात्पर्य, दुसऱ्या पायरीस व कित्येकदां तिसरीसही पट्टा पुरतो. चौथीस बहुधा शस्त्रच लागतें. ‘लेसरनें करा’ असा आग्रह धरण्यापूर्वीं ‘माझी पायरी कोणती?’ हें डॉक्टरांस विचारावें.

भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे व वेल्ह्यास ग्रामीण रुग्णालय. पहिल्या तपासणीसाठीं तेथें जावें. पुढील उपचारास पुण्यास जावें लागल्यास, तो शासकीय योजनेंत बसतो कीं नाहीं हें तेथील आरोग्यमित्रास विचारावें. पट्टा बांधून घेणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. मोड गळून पडतांना, म्हणजे साधारण पांचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत, क्वचित् एकाएकीं पुष्कळ रक्त जातें. तोरण्याच्या मागच्या किंवा वरंध घाटाकडील वाडीवर आषाढाच्या पावसांत तशी वेळ आली तर हाल होतील. म्हणून भातलावणीचे दिवस टाळावे, किंवा तो पंधरवडा रात्रींही गाडी मिळेल अशा नातलगाच्या घरीं काढावा. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास आधीं सांगावें. आणि पट्ट्यानंतर ताप आला, लघवी अडली किंवा वेदना वाढत चालली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

बाजाराच्या गांवीं ‘विनाऑपरेशन मूळव्याध, भगंदर खात्रीनें बरें’ अशा पाट्या दिसतात. लाजेनें डॉक्टर टाळणारा मनुष्य नेमका तेथें जातो. अनधिकृत हातांनीं टोंचलेल्या दाहक औषधानें तो मार्ग कायमचा आखडल्याचीं उदाहरणें शस्त्रवैद्यांस ठाऊक आहेत. त्याहून मोठा धोका निराळाच आहे. मूळव्याधीचा कर्करोग होत नाहीं. परंतु आंतड्याचा कर्करोगही प्रथम रक्तच दाखवितो, आणि घरचीं माणसें त्यास मूळव्याध समजून मोलाचे महिने गमावितात. रक्त मलांत मिसळलेलें असेल, शौचाची नेहमींची संवय एकाएकीं पालटली असेल, वजन घटत असेल, वय पंचेचाळिशीपुढें असेल किंवा घराण्यांत तो रोग झालेला असेल, तर मोठें आंतडें दुर्बिणीनें तपासून घ्यावें.

घरांतील वडील स्त्रीकडे आमचें मागणें थोडेंच आहे. चातुर्मासाचे उपवास सुरू होण्यापूर्वीं एके दुपारीं सुना-लेकींस जवळ बसवून ‘रक्त जातें का?’ असें सरळ विचारावें. जात असेल तर आठवड्याच्या आंत हिमोग्लोबिन पाहून घ्यावें, डॉक्टरकडे स्वतः सोबत जावें, आणि सकाळीं शौचकूपाच्या पाळींत सुनेचा क्रम शेवटचा ठेवूं नये.