आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

लेखाचा विषय दाढी आहे हे कळताच मित्र हसतील आणि आदरणीय प्राध्यापकवर्ग कपाळाला आठ्या घालील. खुशाल हसा, पण हसून झाल्यावर एकदा मानेवरून हात फिरवून पाहा. तेथे तांबडे पुरळ लागले, तर हा लेख आपल्यासाठीच आहे.

गोष्ट स्नेहसंमेलनाच्या दिवसाची. मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतून सूत्रसंचालन करावयाचे होते. उठावयास उशीर झाला. जुनेच ब्लेड घेतले, गालाला पाण्याचा हात लावला आणि उलटसुलट दाढी उरकली. दोन तासांत मानेवर आगीचा डोंब उसळला. तोंडाने 'सुस्वागतम' आणि हाताने खाजविणे, असा दुहेरी कार्यक्रम सुरू झाला! एका मित्राने कळवळून मलमाची ट्यूब दिली. तासाभरात बरे वाटले. मग काय, दर दाढीनंतर तेच मलम. दीड महिन्याने ते संपले आणि चेहरा पूर्वीपेक्षा अधिक लाल होऊन बारीक फोडांनी भरला. डॉक्टरांनी रिकामी ट्यूब वाचून विचारले, "हे स्टिरॉइड तुला कोणी लावावयास सांगितले?"

मी खाली मान घातली. स्टिरॉइड लाली दाबते; लालीचे कारण दूर करीत नाही. डॉक्टरी देखरेखीवाचून पुष्कळ दिवस लावले तर कातडी पातळ होते, मुरुमे येतात आणि बंद करताच आग उसळून येते. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजेच डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकावयाची नाहीत. पण गिऱ्हाईकच 'ती पांढरी ट्यूब द्या' म्हणून अडून बसले, तर नियम बिचारा काय करील? मागणी तेथे पुरवठा, हे आम्हां वाणिज्यवाल्यांना कोणी शिकवावयास नको. माझ्या मते निम्मा दोष आपल्या मागणीचा आहे.

मूळ आग कोठे लागते ते पाहू. पाते बोथट असले की केस ओढला जातो आणि कातडी खरवडली जाते. उलट्या हाताने फार खोलवर दाढी केली की कुरळ्या केसाचे टोक वाढताना पुन्हा कातडीत रुतते व तेथे फोड येतो. त्यात आमच्या घरचे बोअरचे पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस धरत नाही. यंत्रावर आम्ही दरवर्षी न चुकता घसारा काढतो, मग ब्लेडवर का काढू नये? पाच-सात दाढ्या झाल्या की त्याची पुस्तकी किंमत शून्य समजावी.

उपाय मला आळंदच्याच एका केशकर्तनालयात मिळाला. तेथील काका म्हणाले, "तम्मा, केसाला आधी भिजू दे, मग कापू दे." कोमट पाणी, ब्रशने दोन-तीन मिनिटे फेस, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने हलका हात, एकाच जागी पुन्हा पुन्हा पाते नाही, शेवटी गार पाणी, एवढेच त्यांचे शास्त्र. नंतर चेहरा टॉवेलने न घासता टिपावा आणि बिनवासाचे साधे क्रीम लावावे. आग होत असेल तर गार पाण्याची पट्टी ठेवावी व पुरळ बसेपर्यंत दाढीला सुट्टी द्यावी. मराठीत तुरटी, कन्नडात पटिक म्हणतात तो खडा बारीक कापातले रक्त थांबवितो. पण तो कातडी कोरडी करतो, आणि एकच खडा दहा गालांवर फिरू नये. दुकानात नवे ब्लेड आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यावे. त्यात कारागिराचा अपमान नाही. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा व एड्सचा धोका त्याने टळतो.

हा प्रश्न विद्यार्थिनींचाही आहे, फक्त त्या बोलत नाहीत. केस काढण्याचे क्रीम आधी हातावर थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी आणि सांगितलेल्या मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये. वॅक्सिंगनंतर दोन दिवस अत्तर, कडक ऊन व घट्ट कपडे टाळावेत. आठवडाभरात आग शमली नाही किंवा फोडांत पू झाला, तर डॉक्टर गाठावा, मित्राची ट्यूब नव्हे.

आपल्या रस्त्यांवर 'अवसरवे अपघातक्के कारण' अशी पाटी दिसते. सीमा ओलांडून उमरग्याकडे गेले की तीच गोष्ट मराठीत वाचावयास मिळते, 'अति घाई संकटात नेई'. दोन्ही भाषा येत असूनही मला तिचा अर्थ कळावयास एक ट्यूब संपवावी लागली. आग घाईत लागली होती आणि बंब मी औषधाच्या दुकानात शोधत होतो. आपण तो घरच्या तांब्यात शोधावा, एवढेच सांगणे.