पायथ्याच्या मालकी रानाचं काय?

दोडामार्ग तालुक्यात सह्याद्री उतरतो, पण शेत लगेच सुरू होत नाही. मधे एक पट्टा लागतो: व्हाळाकाठची कुळागरं, काजूची कलमं, वायंगणाचे कोपरे आणि त्यांना खेटून कुणाच्या तरी सामाईक सातबाऱ्यावरचं दाट रान. वर मुरलेला पाऊस इथे झऱ्यांनी बाहेर पडतो. डोंगरातल्या आणि सखल भागातल्या, दोन्हीकडच्या जिवांना इथे थारा मिळतो.

हेवाळे-बांबर्डेची राई पाहा. जेमतेम अडीच हेक्टरांत रानजायफळाची दलदल आहे. बारमाही भिजलेल्या मातीत हवा खेळत नाही, म्हणून या झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलाबाहेर येऊन श्वास घेतात. फळं पिकली की धनेश येतात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. त्यांच्या विणीला मात्र जुन्या, थोराड झाडाची ढोली हवी. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फळं आणून भरवतो. पायथ्याची फळं गेली, किंवा उतारावरचं ढोलीचं झाड पडलं, तरी पाखराचा संसार मोडतो. गावाने देवाची म्हणून ही राई राखली. आज ती जैवविविधता वारसास्थळ आहे.

शेजारच्या मालकी रानाला असा देव नाही. २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, २९.५३ चौरस किलोमीटरचं, पण सरकारी वनाची हद्द संपली की राखण संपते. तिथून पुढे डोंगर साफ करून रबर लावलं जातं. दुरून तेही हिरवंच दिसतं, पण त्यात धनेशाला ना फळ, ना ढोली. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातली २५ गावं संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. माझ्या मते हा आदेश योग्यच आहे.

पण संवेदनशील क्षेत्रासोबत येणाऱ्या नुसत्या बंदीने गाव सोबत येणार नाही. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हापासून माड-केळी गमावतोय तो इथला बागायतदार. वर मालकाला झाड तोडून पैसा मिळतो, राखून काहीच नाही. तिलारी नदीचं पाणी गोव्यापर्यंत जातं. ते जिरवणारं रान राखणाऱ्याला महाराष्ट्र आणि गोवा, दोन्ही सरकारांनी दरवर्षी, हेक्टरी, थेट खात्यात मोबदला द्यावा. आणि हत्तीच्या नुकसानीची भरपाई पुढच्या लावणीआधी हातात पडावी.