आकाशात वीज गेली तर?

१२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे विमान अहमदाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. तेव्हापासून आमच्या ओपीडीतही विमानाचे प्रश्न येतात. त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. ते कसे गेले, यावर बराच वाद झाला. परवा कॅम्प २ मधल्या एका आईचा प्रश्न मात्र निराळा होता. मुलगा बारामतीला वैमानिक होण्याचे शिक्षण घेतोय. ‘डॉक्टर, त्या छोट्या विमानात वरच लाइट गेली तर?’

उत्तर निम्मे तरी दिलासा देणारे आहे. सेसना १७२ सारख्या पेट्रोलवरच्या विमानात ठिणगी देणारे मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरतात आणि आपली वीज आपणच तयार करतात. प्रत्यारोपण केलेले हृदय मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्या असूनही स्वतःच्या ठोक्यावर चालते, तसेच हे. अल्टरनेटर बंद पडला तरी पंखा फिरत राहतो. जातात ते रेडिओ, दिवे, विजेवरचे फ्लॅप. तेही लगेच नाही, बॅटरी संपेल तसे.

खरा धोका या ‘लगेच नाही’मध्येच आहे. ११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री अमेरिकेत एअर इलिनॉयचे विमान स्प्रिंगफील्डहून उडाले. आपल्या हवाई दलाच्या ‘अॅव्रो’च्याच जातीचे, म्हणजे सेसनाहून बरेच मोठे. उडताच डावा जनरेटर गेला. सहवैमानिकाने चुकून उजवा, धडधाकट जनरेटर वेगळा केला आणि तो पुन्हा जोडला गेला नाही. विमानतळ मागे जवळच होता. पण बॅटरी अर्धा तास पुरेल, या हिशेबावर कप्तान कार्बनडेलकडे निघाला. बॅटरी जवळपास तेवढीच टिकली, विमान मात्र पोहोचले नव्हते. दहाही जण गेले.

त्या कप्तानाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. ताणाखाली माणूस ठरलेला बेत सोडत नाही, हे मी वॉर्डातही पाहतो. मॉनिटर बंद पडला की नवखा डॉक्टर वायर हलवत बसतो. पेशंटच्या मनगटाला हात लावायचे सुचत नाही. म्हणून वैमानिकाला आधी विमान सांभाळायला शिकवतात. मग नको ती उपकरणे बंद, ब्रेकर फार तर एकदाच परत दाबायचा आणि जवळची धावपट्टी गाठायची. रेडिओ गेला तरी टॉवरवरून हिरवा दिवा दाखवून उतरायची परवानगी देतात. फ्लॅप नसतील तर धावपट्टी जास्त लागते, एवढेच.

रात्री शरीरही आड येते. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोतात ती मोडते. क्षितिज दिसेनासे झाले की आतल्या कानावर भरवसा ठेवू नये. वळणारे विमान सरळ चालल्यासारखे वाटते. जुन्या सेसनात क्षितिज दाखवणारे उपकरण हवेच्या निर्वातावर चालते, ही मोठीच सोय.

मात्र सगळी छोटी विमाने सारखी नसतात. डायमंड डीए-४२ ची डिझेल इंजिने संगणकावर चालतात. २००७ मध्ये जर्मनीत स्पायर येथे बॅटऱ्या उतरलेल्या असताना असे एक विमान बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवले गेले. चाके आत घेताना दाब घसरला आणि दोन्ही इंजिने थांबली.

त्या माउलीला मी एवढेच सांगितले, की मुलाला दोन गोष्टी विचारायला सांगा: त्याच्या विमानाचे इंजिन विजेवर अवलंबून आहे का आणि बॅटरी किती मिनिटे पुरते. शिवाय मंद उजेडाचा टॉर्च खिशात असू द्या, बॅगेत नको.