सुट्टी, मुलं आणि बिनतिकिटाची मुंबई

निकालाच्या दिवशी वर्गाबाहेर पालकांची रांग असते. मागच्या वर्षी त्या रांगेतली शेवटची आई प्रगतिपुस्तक घेतल्यावरही थांबून राहिली. तिची मुलगी सातवी पास झाली होती. आई हळूच म्हणाली, "मॅडम, हिला चित्रांचा फार नाद आहे. वहीची मागची पानं सगळी भरलेली असतात. आमच्या नाक्यावर सुट्टीतलं शिबिर लागलंय, पण साडेतीन हजार मागतात. घरात तीन मुलं. हिचे अब्बा रिक्षा चालवतात. एकीला पाठवलं तर बाकीच्या दोघांनी काय करायचं?"

मी पटकन म्हणाले, "अहो, जहांगीर आर्ट गॅलरीला घेऊन जा ना! तिथे तिकीटच नाही."

ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारलं, "पण आम्हाला आत सोडतील?"

हा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा होता. बी.एड. करत असताना मी आणि माझी मैत्रीण एकदा त्याच गॅलरीच्या दारापर्यंत गेलो होतो. डोक्यावर ओढण्या, खांद्याला पुस्तकांच्या पिशव्या. रखवालदाराने फक्त मान वर करून पाहिलं. तो काही बोलला नाही, त्याने अडवलंही नाही. तरी आम्ही दोघी मागे फिरलो. आत जायचं तर चित्र विकत घ्यावं लागत असेल, असं आम्हाला वाटलं होतं! त्यानंतर पुन्हा त्या दारात जायला मला कितीतरी वर्षं लागली.

म्हणून त्या आईला म्हणाले, "रविवारी मीही येते. आपण मिळून जाऊ."

तर एका रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही कुर्ल्याहून हार्बरची गाडी पकडली. ती, तिची तीन मुलं, मी आणि माझा धाकटा. बरोबर पाण्याच्या बाटल्या, चपातीचे रोल, प्रत्येकाची एक वही आणि पेन्सिल. खर्च म्हणाल तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना तेही अर्धं.

सीएसएमटीला उतरून आम्ही रस्त्याच्या बाजूने स्टेशनकडे तोंड करून उभे राहिलो. या स्टेशनातून आपण किती वेळा धावत बाहेर पडलो असू. पण थांबून कधी पाहिलं? 1888 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत आज जागतिक वारसा यादीत आहे. मी मुलांना एकच काम दिलं: दगडात कोरलेले प्राणी-पक्षी शोधा. मोर सापडले, फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ सापडले, वेलबुट्ट्या तर मोजता येईनात. मग त्यांना सांगितलं की या कोरीव कामात आपल्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. "विद्यार्थ्यांचा?" मुलीने दोनदा विचारलं.

तिथून दोन पावलांवर जीपीओ. 1913 च्या या इमारतीचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. आदिलशाही कारागिरांची कल्पना इंग्रजांच्या टपाल कचेरीवर कशी आली, यावर मुलांनी बरीच चर्चा केली. पुढे हॉर्निमन सर्कलच्या सावलीत बसून रोल खाल्ले, आणि समोरच्या टाउन हॉलच्या पायऱ्या मोजल्या. तीस भरल्या. त्या पायऱ्यांवर बसून चित्र काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

अकरा वाजता गॅलरी उघडते. आम्ही काळा घोड्याला पोचलो. दाराशी आल्यावर त्या आईची चाल मंदावली, बुरख्याची कड तिने उगाचच सारखी केली. मी काही बोलले नाही, फक्त तिच्याबरोबर चालत राहिले. रखवालदार म्हणाला, "पिशव्या सांभाळून धरा, आतल्या बाजूलाही चित्रं आहेत, तीही बघून या." बस, एवढंच.

1952 पासून उभ्या असलेल्या या गॅलरीचं खरं वैशिष्ट्य मला वेगळंच वाटतं. इथे प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, म्हणजे दर आठवड्याला नवं काहीतरी. आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारता येतं. आमच्या मुलीने धीर करून एका वयस्क चित्रकाराला विचारलं, "हा निळा कसा केला?" त्यांनी चांगली दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि शेवटी तिची वही मागून पाहिली. साडेतीन हजारांच्या शिबिरात ती दहा मिनिटं मिळाली असती का, मला माहीत नाही.

बाहेर फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. तीही पाहिली, आणि जुहरपर्यंत घरी परतलो.

आता एका अडचणीबद्दल मोकळेपणाने बोलते, कारण ती आपल्या घरांत असतेच. "चित्रं काढणं आपल्यात चालतं का?" असं त्या मुलीच्या दादीने विचारलं होतं. ज्यांना माणसांची, प्राण्यांची चित्रं नको वाटतात, त्यांच्या भावनेचा मी मान ठेवते. पण चित्रकला तेवढीच नाही. खत्ताती आहे, नक्षी आहे, इमारतींचं रेखाटन आहे. डोंगरीतल्या मुघल मशिदीच्या दर्शनी भिंतीवरच्या निळ्या फरशा पाहा. 1860 ची ती मशीद म्हणजे भूमितीचा आणि रंगांचा एक धडाच आहे. सय्यद हैदर रझा जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे त्यांनी 'बिंदू' हाच आपल्या चित्रांचा विषय केला. आणि पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन याच मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. आपल्या मुलांना ही माहिती आपण नाही द्यायची तर कुणी?

आणखी एक जागा सुचवते. गावदेवीचं मणिभवन. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येतं. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. लहान मुलं तिथून लवकर हलत नाहीत. मुलांना तिथे सांगा की 1921 मध्ये परदेशी कापडाची मोठी होळी परळला झाली, ती उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात.

भगिनींनो, माझं म्हणणं थोडक्यात असं. सुट्टी चांगली जायला पैसे लागतात, हे अर्धंच खरं आहे. लागतो तो सोबतीचा वेळ, आणि पहिल्यांदा दार ओलांडताना शेजारी एक माणूस. तो माणूस शिक्षक असेल, मोठा भाऊ असेल, कॉलेजात जाणारी खाला असेल. दोन-तीन घरांनी मिळून जा. सकाळी लवकर निघा, मे महिन्याचं ऊन वाढायच्या आत उघड्यावरच्या जागा पाहून घ्या. एका दिवसात दोन-तीन ठिकाणं पुरे. घरी आल्यावर मुलांना निबंध लिहायला लावू नका, फक्त विचारा, "काय आवडलं?"

आठ दिवसांनी त्या आईचा फोन आला. ती पुन्हा गॅलरीत जाऊन आली होती, या वेळी माझ्याशिवाय. चाळीतली आणखी चार मुलं आणि त्यांच्या दोन आया बरोबर होत्या. म्हणाली, "मॅडम, त्यातली एक दारात अडखळली. मी म्हटलं, चल गं, काही होत नाही."

मुलगी आता आठवीत आहे. शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचा फॉर्म तिने भरला आहे. निकाल काय लागेल ते अल्लाह जाणे. पण निळा कसा करायचा, हे ती आता वर्गातल्या सगळ्यांना शिकवते.