किटलीतला चहा आणि पायाखालची जमीन

दार्जिलिंगच्या नेहरू रस्त्यावरील 'ग्लेनरीज' म्हणजे त्या डोंगरी शहराची बैठकच. रस्त्यालगत बेकरी, वर भोजनगृह, खाली मद्यगृह. एकेकाळचा साहेबी थाट ओसरून आता तिथे गावकरीही टेकतात, हे चांगलेच झाले. पण तिथल्या किटलीतला चहा जी बाई खुडते, तिचे काय? २०२३ साली तिचा रोज २५० रुपये ठरला. २०२४ मध्ये संघटनांनी २० टक्के बोनस मागितला. ३० सप्टेंबरला डोंगर बंद राहिला आणि त्यानंतर सरकारने १६ टक्क्यांवर बोळवण केली.

मालक म्हणतात, घर देतो की! देतात, पण पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ते तिच्या नावावर नाही. मळ्यांची जमीन मुळात सरकारची, मालक नुसते भाडेपट्टेदार. तरी २०१९ च्या धोरणाने मळ्याची १५ टक्के जमीन पर्यटनादी व्यवसायांना मोकळी झाली; फेब्रुवारी २०२५ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली. मजुरांना मात्र २०२३ साली पाच डेसिमलचे, म्हणजे जेमतेम दोन गुंठ्यांचे पट्टे देऊ केले गेले. डोंगरातील मजुरांनी ते नाकारून राहत्या जागेचा पूर्ण हक्क मागितला, तो रास्तच होता. आधी त्यांच्या जागेची मोजणी व्हावी. उरलेल्या जमिनीवर हॉटेले खुशाल बांधावीत.