भुते ज्याच्या त्याच्या घरातली

ऐंशीच्या दशकात रात्रीचा शेवटचा खेळ पाहून गुलमंडीवरून पायी घरी जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. दुकाने केव्हाच बंद झालेली असत, दिवे बेताचेच, आणि मघाशी थिएटरात शिट्ट्या मारणारी टोळकी एकाएकी शिस्तीत, एकमेकांना चिकटून चालू लागत. रंगारगल्लीच्या तोंडाशी कोणी मुद्दाम मागून हाक मारली, की चार पावले सगळेच पळत. सुपारी हनुमानाचे देऊळ आले म्हणजे मात्र छाती पुन्हा पुढे येई. बाहेरूनच नमस्कार करून "काय भंकस पिक्चर होता!" असे म्हणायला पुन्हा सगळे मोकळे!

हे 'भंकस पिक्चर' बहुधा रामसे बंधूंचे असत. 'दरवाजा', 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा' ही नुसती नावे घेतली तरी पन्नाशी ओलांडलेल्यांच्या चेहऱ्यावर हसू येते. समीक्षकांनी या चित्रपटांना कधी दारात उभे केले नाही आणि सुशिक्षित घरांतून ते चोरून पाहिले जात. माझे म्हणणे एवढेच, की ज्यांना आपण 'बी ग्रेड' म्हणून हसण्यावारी नेले, त्या चित्रपटांत आपल्या घरांतल्या खऱ्या भीती नोंदवलेल्या आहेत; आणि त्या पाहायच्या तर आता पुन्हा, घरच्या वडीलधाऱ्यांसह पाहायला हव्यात.

रामसे मंडळींची गोष्ट मोठी गमतीची आहे. वडील फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे रेडिओचे व्यापारी. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले. फाळणीनंतर त्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकान थाटले आणि पुढे चित्रपटांत हात घातला. 1970 साली आलेला त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' साफ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, असे एक दृश्य होते. मुलांनी थिएटरात जाऊन पाहिले, तर लोक तेवढ्या दृश्यासाठी येत होते! मग अख्खे घरच भयपटांत उतरले. सात भाऊ, कोणी पटकथा लिहायची, कोणी दिग्दर्शन, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी संकलन. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' हा चित्रपट महाबळेश्वरला बायकामुलांसह मुक्काम ठोकून सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत पुरा केला, असे या भावांनीच पुढे मुलाखतींतून सांगितले आहे.

पैसा नसला म्हणजे माणसाला नेमके बोलावे लागते. मोठे नट नाहीत, परदेशातली गाणी नाहीत. तिकीट काढणाऱ्याला घाबरवता आले नाही तर उद्या थिएटर रिकामे. म्हणून स्वस्त भयपट करणाऱ्याला आपला प्रेक्षक कशाला घाबरतो, हे पक्के ठाऊक असावेच लागते.

हे जगभर दिसते. 1954 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीतली किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि तिच्यावरचे खलाशी आजारी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानच्या पडद्यावर 'गोजिरा' आला. अणुस्फोटांनी जागा झालेला, टोकियो तुडवीत जाणारा हा राक्षस म्हणजे रबरी पोशाखातला एक माणूस होता. पण तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा होते. अमेरिकेत त्याच साली 'देम!' मध्ये अणुचाचणीमुळे राक्षसी आकाराच्या झालेल्या मुंग्या आल्या. त्या काळातल्या तिकडच्या विज्ञानपटांतून संकट यायचे ते एक तर प्रयोगशाळेतून, नाही तर आकाशातून.

आपल्याकडेही आकाशाचा प्रयोग झाला. माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षे आधी, 1967 साली, दारासिंगांचा 'चाँद पर चढाई' आला. पण परग्रहावरच्या माणसांची आपल्याला भीती अशी कधी वाटलीच नाही. जिथे संध्याकाळी वीज जाणार की राहणार याचीच खात्री नव्हती, तिथे प्रयोगशाळेची धास्ती कोणाला वाटणार?

आपले भूत आले ते जमिनीखालून आणि जुन्या वाड्यातून. 'दो गज जमीन के नीचे' मध्ये इस्टेटीसाठी नवऱ्याचा जीव घेतला जातो आणि पुरलेला नवरा उठून येतो. 1984 च्या 'पुराना मंदिर'ची गोष्ट तर नीट आठवून पाहा. एका राजाने सामरी नावाच्या सैतानाला शिक्षा दिली. सामरीने शाप दिला, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणून पिढ्यांनंतरचा ठाकूर आपल्या मुलीच्या लग्नाला विरोध करतो. शिक्षा राजाने दिली, आणि तिची किंमत मात्र घरातल्या बायकांनी मोजायची!

आता ही भीती रामसेंनी कल्पनेतून काढली असे कोण म्हणेल? बाळंतपणात गेलेली एखादी आत्या, एखादी थोरली काकू आपल्या कितीतरी घरांत होती. फोटोला हार घालून तिच्याविषयी सगळे गप्प राहत. वाटणीवरून भावाभावांत पडलेला दावा, कुलूप लावून ठेवलेली खोली, 'आपल्या घराण्याला कोणाचा तरी तळतळाट आहे' हे बायकांचे हलक्या आवाजातले बोलणे, हे सारे प्रेक्षक घरूनच घेऊन येत. मराठवाड्यात तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची राजवट होती. गढ्या आणि त्यांचे मोठे दरवाजे लोकांनी पाहिलेले होते आणि आत काय चाले याच्या गोष्टी आजीने सांगितलेल्या होत्या. पडद्यावर हवेलीचा दरवाजा करकरला, की अंगावर काटा आपोआप येई.

मराठीने या भुताला दुसऱ्या वाटेने घरात घेतले. 1993 मध्ये महेश कोठारे यांनी 'झपाटलेला' काढला आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तात्या विंचू अजरामर केला. पोरे घाबरलीही आणि हसलीही. आणि 2018 चा 'तुंबाड' पाहा. नारायण धारपांच्या कथेवरून स्फुरलेल्या या चित्रपटात पुन्हा तोच वाडा, तीच म्हातारी आणि पिढीजात हाव. तंत्र बदलले, पैसा वाढला, पण भूत घरातलेच राहिले.

याचा अर्थ रामसेपटांत सारे गोड होते असे नाही. उगाच घातलेली आंघोळीची दृश्ये, ओढूनताणून केलेला विनोद, बाईकडे पाहण्याची ओंगळ नजर, हे सारे त्यांत आहे. 'केवळ प्रौढांसाठी' हा शिक्का त्यांवर उगाच नव्हता. लहान मुलांपुढे ते लावू नयेत. पण घरातल्या मोठ्या मुलांसह हे दोषही बोलून दाखवता येतात. घाबरवणाऱ्या बाईला चेटकीण ठरवणे किती सोपे होते, हे मुलींना सांगावे लागत नाही. त्याच आपल्याला सांगतात.

दुसरी काळजी अधिक मोठी आहे. 1931 च्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. पहिल्या बोलपटाची ही गत, तिथे ज्यांना हलके मानले त्यांची काळजी कोण घेणार? पुण्याचे चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, पण काय जपावे याचा आग्रह समाजाने धरावा लागतो. तुलसी रामसे 2018 मध्ये गेले, श्याम रामसे 2019 मध्ये. आणि त्यांचे चित्रपट गर्दीत पाहिलेल्या माणसांच्या आठवणी कोणत्याच संग्रहालयात नाहीत; त्या आपल्या घरांत आहेत.

आज हे जुने चित्रपट मोबाइलवर एकेकट्याने, कानात बोंडे घालून पाहिले जातात. त्यात गंमत निम्मी होते. एखाद्या रविवारी रात्री घरातला दिवा मालवून, आजोबा-आजींना मध्ये बसवून 'पुराना मंदिर' लावून पाहा. सामरी आला की नातवंडे हसतील. मुखवटा त्यांना मुखवटाच दिसेल. हसू द्या. चित्रपट संपला की मात्र आजींना विचारा, "तुम्हाला कशाची भीती वाटायची हो?" फोटोतल्या त्या थोरल्या काकूचे नाव कदाचित त्या रात्री पहिल्यांदा घरात मोठ्याने घेतले जाईल.